रूळ कुठून आणले

पत्रक लिहायचं एक तंत्र असतं आणि ते मला येतं. एक फोटो, तीन ओळी, एक मागणी. वाचणारा उभा असतो, घाईत असतो, आणि कागद तुमच्या हातातून त्याच्या हातात गेला की तिथून कचऱ्याचा डबा जेमतेम पंधरा पावलांवर असतो. तेवढ्यात त्याला चीड आली पाहिजे. पुण्यात कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यापासून न येणाऱ्या बसपर्यंत सगळ्यावर मी पत्रकं लिहिली. पुढे नोकरीने सनीव्हेलला आले, दिवसभर चिपा तपासायला लागले, तरी हात शिवशिवायचे थांबले नाहीत. नागपूरहून आई फोनवर विचारते, "तुला तिकडे चिपा करायला पाठवलंय की चिठ्ठ्या वाटायला?" मी म्हणते, दोन्ही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने रस्त्यावर फार आवाज करू नये असं सगळे सांगतात. म्हणून मी कागदावर करते.

इथलं माझं भांडण रेल्वेसाठी होतं. गावाच्या मधून रूळ जातात, चांगली गाडी आहे, पण दुपारी एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत माणूस आपल्या आयुष्याचा हिशेब मांडत फलाटावर बसतो. साहजिकच लोक कार काढतात. मग लोक कार काढतात म्हणून गाड्या कमी सोडतात. या गोल गोल मूर्खपणावर चिडलेले आम्ही सात जण शनिवारी सकाळी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमायचो. आमची मागणी एवढीच होती: दिवसभर दर पंधरा मिनिटांनी गाडी. तीन ओळींत बसते, डोळ्यांसमोर उभी राहते, कुणालाही समजते. मला तिचा अभिमान होता. अजून आहे.

आमच्यात एक आकडेबहाद्दर होता. क्युपर्टिनोत जन्मलेला, आईवडील मुंबईचे, मराठी समजतं पण बोलताना तीन शब्दांनी इंग्रजीत घसरतो. आईने लहानपणी शिकवलेलं तेवढं एक पक्कं आहे, वयाने मोठी म्हणून मला ताई म्हणतो. बस आणि गाड्यांचे सगळे तक्ते त्याच्या लॅपटॉपवर. पत्रकाची पुढची बाजू माझी, मागची त्याची. मागच्या बाजूला बारीक टाइपात तो लिहायचा की हे कसं करता येईल, ड्रायव्हर कुठून आणायचे, गाड्यांचे तास कुठून काढायचे. ती बाजू मी कधी वाचत नसे. कोण वाचतं? मी त्याला तोंडावर सांगायचे, "तुझी बाजू म्हणजे औषधाच्या डब्यातला कागद." तो म्हणायचा, "ताई, औषध तरी त्याच्यामुळेच विकता येतं."

एका शनिवारी एक म्हातारे गृहस्थ दार ढकलून आत आले. सत्तरीच्या पुढचे, शिडशिडीत, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुंड्या गळ्यापर्यंत. हातात आमचं पत्रक.

"हे तुम्ही करता?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी छाती पुढे काढून हो म्हटलं. मला वाटलं, शाबासकी.

"घडी वाकडी आहे," ते म्हणाले, खुर्ची ओढून बसले आणि समोरचा गठ्ठा आपल्याकडे घेतला.

त्या दिवसापासून ते दर शनिवारी आले. घडी घालताना कागदाच्या कडा आधी डोळ्यासमोर धरून जुळवायच्या, मग अंगठ्याच्या नखाने एकदाच दाबून रेघ ओढायची. दुसऱ्यांदा नाही. त्यांच्या भाषेतही म्हाताऱ्या माणसाला नावाने नाही, नात्याने हाक मारतात, म्हणून मी काका म्हटलेलं त्यांना लगेच पटलं. ते मला मुली म्हणत. व्हिएतनामचे. ऐंशीच्या दशकात इथे आले, तीस वर्षं इथल्याच कारखान्यांमध्ये सर्किट बोर्ड जोडले, निवृत्त झाले. पण त्याआधी, तरुणपणी, तिकडे ते रेल्वेत होते. आपण ज्याला गँगमन म्हणतो ते. त्यांचे वडीलही तेच होते.

रेल्वे म्हटल्यावर मी त्यांना सोडते थोडीच. घड्या घालताना मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. त्यांचा देश नकाशावर उभ्या दोरीसारखा आहे, आणि त्या दोरीत ओवावी तशी हनोईपासून सायगावपर्यंत एक लांब लाइन आहे. फ्रेंचांनी चाळीसेक वर्षं खपून ती तुकड्यातुकड्याने पुरी केली. आपल्याकडे पूर्वी होती तीच मीटरगेज, आणि एकच रूळजोडी. पूर्ण होऊन वीस वर्षंही झाली नाहीत तोच देशाचे दोन भाग झाले आणि लाइन मधोमध तुटली. पुढे युद्धात पूल उडाले, बोगदे पडले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर युद्ध संपलं आणि नव्या सरकारने ठरवलं, सगळ्यात आधी ही लाइन जोडायची.

"किती दिवस लागले?" मी विचारलं.

"दीड वर्ष."

"सगळी?"

"सगळी. मी पण होतो ना. पूल, रूळ, सगळं हाताने. पहिली गाडी गेली तेव्हा आम्ही रुळाच्या बाजूला उभे होतो. एक बाई खिडकीतून रडत होती. वीस वर्षांनी भावाला भेटायला निघाली होती."

माझे कान टवकारले. पत्रक लिहिणाऱ्याला असा क्षण ओळखता येतो, मांजराला दुधाचं भांडं ओळखता येतं तसा. मी तिथल्या तिथे फोन काढून त्यांच्या हातांचा फोटो घेतला. अंगठ्याचं जाड नख, नखाखाली पांढऱ्या कागदाची रेघ. विचारलं, "छापू का?" ते हसले. म्हणाले, "हात फार म्हातारे आहेत." म्हणजे हो, असं मी धरलं.

पत्रक एका बैठकीत उतरलं. वर ते हात. खाली: या हातांनी युद्धात तुटलेली अख्ख्या देशाची लाइन दीड वर्षात जोडली. आपल्याकडे युद्ध नाही, पूल शाबूत आहेत. मग पंधरा मिनिटांनी एक गाडी सोडायला काय हरकत आहे?

आकडेबहाद्दराने वाचलं आणि खुर्चीतून उठला. "ताई, धिस इज इट. ऑनेस्टली. बोर्डवाले रडतील."

"रडू देत. तुझी मागची बाजू वाचून तसेही रडतातच."

मागच्या बाजूला त्याने नेहमीप्रमाणे आपलं बारीक टाइपातलं औषध भरलं, आम्ही छापून आणलं, आणि पुढच्या शनिवारी गठ्ठे टेबलावर आले. दोन आठवड्यांनी आमच्या भागातल्या बस आणि गाड्या ठरवणाऱ्या बोर्डाची सुनावणी होती. त्याआधी सगळे वाटून संपवायचे होते.

काकांनी पहिलं पत्रक उचललं. आपले हात पाहिले. मग उलटून मागची बाजू वाचायला लागले. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून, ओळ न ओळ. त्या खोलीत ती बाजू वाचणारे ते पहिलेच.

"हा तिसरा मुद्दा," ते म्हणाले. "कमी माणसं असलेल्या मार्गांवरचे तास काढून मुख्य लाइनला द्यावेत. कुठले मार्ग?"

आकडेबहाद्दर खूश झाला. त्याला कुणी कधी काही विचारत नाही. लॅपटॉप फिरवून त्याने यादी दाखवली. पाच बस होत्या. काकांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, नुसतं ठेवलं, आणि उचललं. मग खुर्ची पुढे ओढून घड्या घालायला बसले. अख्खा गठ्ठा संपवला. निघताना मला म्हणाले, "मंगळवारी दुपारी सुट्टी मिळेल का, मुली? रेल्वेचं राहिलेलं सांगतो."

मला वाटलं, अजून माल मिळणार. मी लगेच हाफ डे टाकला.

मंगळवारी आम्ही गाडीने चार स्टेशनं गेलो. तिथे उतरून एका छोट्या बसमध्ये बसलो. बसमध्ये आम्ही धरून पाच जण होतो. दोन बायका नर्सच्या निळ्या कपड्यांत, आणि एक मुलगी, मांडीवर जेवणाचा डबा. बस दुकानं मागे टाकून टेकड्यांकडे वळली, चढायला लागली. वरच्या शेवटच्या थांब्यावर एक लांबट, बसकी इमारत होती. वृद्धांचं शुश्रूषागृह. काकांची बायको तिथे दोन वर्षांपासून होती.

काकू खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले. काका काकूंसमोर बसले, पिशवीतून जपानी फळ काढलं, टोमॅटोसारखं दिसतं ते नारिंगी पर्सिमन, आणि सोलायला लागले. काकू त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग काहीतरी म्हणाल्या. काका हसले.

"काय म्हणाल्या?"

"कोण तुम्ही, म्हणते. दर वेळी विचारते. पाऊणएक तास लागतो. मग आठवतं. मग शिव्या देते."

खरंच तसंच झालं. मी घड्याळ लावून बसले नव्हते, पण फळ संपून दुसरं सोलून झाल्यावर कधीतरी काकूंचा चेहरा हलला, डोळे बारीक झाले, आणि त्या एकच शब्द ठसक्यात म्हणाल्या. काका मान डोलावत माझ्याकडे वळले. "रूळचोर. पन्नास वर्षं हेच म्हणते."

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. बायकोचा हात हातात धरून, तिला न समजणाऱ्या इंग्रजीत.

त्या लांब लाइनपासून एक फाटा डोंगरात चढायचा, दा लात नावाच्या थंड हवेच्या गावाला. चढ इतका की मधोमध दातेरी पट्टी बसवलेली होती, तिच्यात इंजिनाचं चाक अडकवून गाडी वर जायची. उटीची गाडी चढते तशी. काका आणि त्यांचे वडील त्या डोंगरलाइनीचे गँगमन. काकू वरच्या गावच्या. घरची भाज्यांची शेती, कोबी, गाजर, फुलं, आणि सगळं गाडीने खाली जायचं. युद्धात ती लाइनही बंद पडली. युद्ध संपलं तेव्हा वरच्या लोकांना वाटलं, आता आपली गाडी सुरू होणार.

"मोठी लाइन जोडायची तर रूळ पाहिजेत, रुळाखालचे स्लीपर पाहिजेत," काका म्हणाले. "कारखाने कुठे होते? हुकूम आला. डोंगरातली काढा. मीच काढली. वडिलांनी जिथे मला पाना धरायला शिकवलं तिथपासून सुरुवात केली. काढून गाडीत भरली, खाली नेली आणि तीच बसवली."

"आणि परत?"

"परत कुठली? वरती आता टुरिस्टांसाठी एक छोटा तुकडा चालवतात. फोटो काढायला बरा आहे. डोंगरातून चढणारी गेली ती गेली. हिचे वडील पुढे भाजी ट्रकने पाठवायचे, ट्रक आला तर."

मी चिडले. आधी त्यांच्यावर. मला खरं सांगायचं तर स्वतःवर चिडायला थोडा वेळ लागतो. "काका, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी छापून बसले!"

"तू विचारलंस, किती दिवस लागले. ते सांगितलं. रूळ कुठून आणले ते तू विचारलं नाहीस."

तेव्हाच मला यादीतली चौथी ओळ आठवली. आम्ही ज्या बसने वर आलो होतो ती बस. ते ज्या बसने मंगळवारी आणि शुक्रवारी येतात ती. त्यांच्याकडे कार नाही, डोळ्यांमुळे लायसन्स गेलेलं. पाच माणसांची बस. तिचे तास आम्ही मुख्य लाइनला द्या म्हणत होतो, काकांच्याच हातांच्या फोटोमागे, आणि त्यांनी स्वतः बसून त्या सगळ्या गठ्ठ्याच्या घड्या घातल्या होत्या.

"मग तुम्ही घड्या तरी का घातल्या?" मी जवळजवळ ओरडले. नर्स वळून पाहायला लागली.

"मोठी लाइन चुकीची नव्हती, मुली," ते म्हणाले. "ती खिडकीतली बाई रडत होती ते खोटं नाही. तुमची गाडी पण पाहिजे. मी तीच पकडून येतो."

बसमधून परत खाली येताना माझ्या डोक्यात आत्या होती. नागपूरच्या बाजूला तिच्या गावावरून नॅरोगेजची छोटी गाडी जायची. ब्रॉडगेज करायचं ठरलं आणि ती बंद झाली, तेव्हा मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात अख्खा लेख लिहिला होता, प्रगतीचं स्वागत वगैरे. नवीन लाइन होईपर्यंतची वर्षं आत्या काळीपिवळीत गुडघे आखडून दवाखान्यात जात होती. तिला मी कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. एवढा आनंद करणाऱ्या पोरीला कोण सांगतं?

शनिवारी मी बैठकीत म्हटलं, तिसरा मुद्दा काढा. आकडेबहाद्दर भडकला नाही, तेच वाईट. शांतपणे समजावायला लागला.

"ताई, आय गेट इट. पण ड्रायव्हर तेवढेच आहेत. तास तेवढेच आहेत. पंधरा मिनिटांची गाडी मागायची तर ते कुठून तरी यायला हवेत ना? तो मुद्दा काढला तर बोर्ड विचारेल, तास कुठून आणू? आपण काय सांगायचं? प्रेमाने आणा?"

"बसमध्ये नर्सेस होत्या."

"दोन. गाडीत हजारो लोक."

"माहीत आहे रे."

"मग?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मला असा वाद आवडतो ज्यात समोरचा लबाड असतो. इथे कुणीच लबाड नव्हतं आणि तरी एका माणसाचा त्याच्या बायकोपर्यंतचा रस्ता बंद होणार होता. मत घेतलं. पाच विरुद्ध दोन, मुद्दा राहिला. दुसरं मत काकांचं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. काकांनी मत दिलंच नाही, म्हणाले मी घड्या घालणारा. दुसरं मत आमच्यातल्या एका निवृत्त शाळाबाईंचं होतं.

मी म्हटलं, ठीक आहे, मागची बाजू तुमची. पण पुढची माझी आहे आणि ती अर्धवट आहे. पुण्यात पत्रकात चूक राहिली की आम्ही ते फेकायचो नाही. पुन्हा छापायची ऐपतच नसायची. सगळे गोल करून बसायचे आणि प्रत्येक प्रतीवर पेनाने दुरुस्ती करायचे. चहा, शेंगदाणे आणि दुखणारी बोटं. मी पेन काढलं आणि फोटोखाली, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत, इंग्रजीत लिहायला लागले: त्या लाइनचे रूळ डोंगरातल्या दुसऱ्या एका लाइनचे उपटून आणले होते. ती लाइन परत आली नाही.

काका शेजारी बसून वाचत होते. म्हणाले, "अक्षर सरळ ठेव." आणि स्वतःही एक पेन घेतलं.

आकडेबहाद्दर पाच मिनिटं येरझाऱ्या घालत राहिला. "ताई, तू आपल्याच फ्लायरच्या विरुद्ध लिहितेयस. दॅट्स क्रेझी, यार." मग बसला आणि म्हणाला, "दे इकडे." त्याची चार पत्रकं बघून मी पेन काढून घेतलं. ते अक्षर वाचून बोर्डाने गाडीसुद्धा बंद केली असती. मग तो नुसते गठ्ठे सरकवत राहिला.

सुनावणीत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. समोर घड्याळ उलटं मोजत असतं. मी उभी राहिले आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषण केलं. गाडी पाहिजे म्हटलं, मग बस काढू नका म्हटलं, मग अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमच्या पत्रकाच्या मागे तर उलट लिहिलंय, आणि मी म्हटलं, हो. तेवढ्यात घंटा वाजली. पुण्यात मी सभा गाजवलेल्या आहेत. कारण तिथे मला नेहमी माहीत असायचं की मी बरोबर आहे.

माझ्यानंतर काका गेले. शर्टाची वरची गुंडी लावलेली. माइक त्यांनी खाली ओढला.

"फोटोतले हात माझे आहेत," ते म्हणाले. "मी एक मोठी लाइन बांधली आहे. चांगली होती. तुम्ही पण बांधा. मंगळवारी आणि शुक्रवारी मी टेकडीवर जातो, माझी बायको तिथे आहे. मला ओळखायला तिला पाऊण तास लागतो. तेवढं लक्षात ठेवा."

ते वळले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सर, तुमचं एक मिनिट अजून शिल्लक आहे."

"नको. झालं माझं."

बोर्डाने दुपारच्या गाड्या वाढवून दर पंधरा मिनिटांनी केल्या, प्रयोग म्हणून. आम्ही जिंकलो. आकडेबहाद्दराने फोनवर फटाक्यांची चित्रं पाठवली, मग लगेच डिलीट केली. टेकडीवरची बस बंद झाली. तिच्याऐवजी व्हॅन: आदल्या दिवशी ॲपवर बुक करायची, ती तुम्हाला स्टेशनवरून घेणार, वर सोडणार, परतीची वेळ ॲपच ठरवणार. आमच्या दोघांच्या भाषणांमुळे निदान व्हॅन मिळाली असं शाळाबाई म्हणतात. असेल. मला शाबासकी घेववत नाही.

काकांच्या फोनवर ॲप चालत नाही, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी मी माझ्या फोनवरून बुक करते. जमेल त्या मंगळवारी सोबत जाते. एकदा गेले तेव्हाचं सांगते. ॲपने परतीची वेळ पोहोचल्यापासून चाळीस मिनिटांनी दिली होती. पुढची सीट दुसऱ्या दिवशीच. काका फळ सोलत होते. काकू त्यांच्याकडे पाहत होत्या, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, सभ्यपणे. काका त्यांना सांगत होते की तिकडे त्यांच्या देशात आता नवी वेगवान गाडी होणार आहे, हनोई ते सायगाव, दीड दिवसाचा प्रवास काही तासांवर येईल, मंजूर झालंय. मला त्यांनी ते भाषांतर करून सांगितलं आणि वर म्हणाले, "या वेळी रूळ नवीन आणतील. पैसे आहेत आता." तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. व्हॅन चार मिनिटांवर.

"काका, गाडी आली."

ते उठले नाहीत. काकूंच्या कपाळावर एक आठी पडली होती. त्यांना काहीतरी आठवायला लागलं होतं, आणि काकांना ती आठी ओळखीची होती. त्यांनी माझ्याकडे न बघता हात थोडासा वर केला, सिग्नलवाला धरतो तसा. मी राइड कॅन्सल केली.

दहा मिनिटांनी काकूंनी त्यांना शिवी दिली. मग बराच वेळ दोघं बोलत राहिले, मला काही कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

खाली आम्ही चालत आलो. चांगला सवा तास लागला. फुटपाथ अर्ध्या रस्त्यात संपतो, पुढे कारच्या बाजूने एकामागे एक चालावं लागतं. काका पुढे, मी मागे. उतारावर ते दर थोड्या वेळाने थांबून गुडघ्यावर हात ठेवायचे, आणि मी जवळ गेले की चालायला लागायचे. स्टेशनच्या पायऱ्यांशी पोहोचलो तेव्हा गाडीची दारं मिटत होती. माझा संताप इतका अनावर झाला की मी मराठीतच दोन-चार शब्द उच्चारले.

काका बाकावर बसले, बूट सैल केला आणि म्हणाले, "असू दे. पंधरा मिनिटांत दुसरी आहे."

ते टोमणा मारत नव्हते. मी शेजारी बसले. दुसरी गाडी वेळेवर आली.